तीन फुटी रीफ टाकीत कोण कोणाशेजारी नांदेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची, पुढे कोरल म्हणजे प्रवाळ वाढवायची रीफ टाकी आहे. सुरू होऊन दोन महिने झाले, खडक कोरडा आणून लावलेला आहे. आत दोन क्लाउनफिश आणि दुकानदाराने ‘टाकी पिकवायला’ दिलेला एक निळा डॅमसेल आहे. आता यलो टँग, ब्लू टँग, मँडरीन, सिक्सलाइन रॅस, लायनफिश आणि कॉपरबँड बटरफ्लाय असे सहा मासे डोक्यात आहेत. दुकानदार म्हणतो, सगळे एकत्र चालतात. गणपतीला पाहुणे यायच्या आत टाकी भरलेली दिसायला हवी.

स्पष्टच सांगतो, राग मानू नका. सहापैकी एकही मासा आज तुमच्या टाकीत नको. आणि नवीन काही आणण्याआधी आत असलेला एक बाहेर काढायला हवा, तो म्हणजे डॅमसेल.

हे मी स्वतःचे हात पोळून घेऊन शिकलोय. माझ्या पहिल्या टाकीत मलाही असेच तीन निळे डॅमसेल दिले होते. कारण तेच, मासा काटक आहे, कच्च्या पाण्यातही मरत नाही. महिन्याभरात तिघांचा एक राहिला. बाकीच्या दोघांच्या शेपट्या कुरतडून कुरतडून त्यानेच संपवल्या. उरलेला मात्र टाकीचा पैलवान. पुढे हौसेने रॉयल ग्रामा आणला, तर याने त्याला पहिल्या रात्रीपासून फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात कोंडून ठेवला. ग्रामा खायला बाहेर येईना. आठव्या दिवशी तो पाण्यावर तरंगताना दिसला. बोटाएवढा मासा, पण अख्खी टाकी आपल्या नावावर सातबारा असल्यासारखी सांभाळत होता. टाकी पिकवणं म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू तिच्यात वाढवणं, त्याला खरं तर माशाची गरजच नसते. अमोनियाचे थेंब किंवा कोळंबीचा एक तुकडा टाकून पाणी तयार होतं, आणि तोवर कुणाचा छळही होत नाही.

जाळीने त्याला धरायला जाऊ नका, सगळे खडक उपसावे लागतील आणि तरी तो सापडणार नाही. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून आत बसवा. बाजूने तापलेल्या सुईने भोकं पाडा म्हणजे पाणी खेळेल. आत कोळंबीचा लहानसा तुकडा ठेवा आणि बाटली दोरा बांधून वाळूवर आडवी करा. पहिल्या दिवशी तो नुसता भोवती फिरेल. दुसऱ्या दिवशी तोंड आत घालून मागे येईल. घाईने दोरा ओढू नका. दोन-तीन दिवस टाकीत दुसरं काही खायला घालू नका. एकदा तो पूर्ण आत जाऊन खायला लागला, की बाटली सरळ वर उचला. क्लाउन आत शिरले तर त्यांना सोडून द्या आणि पुन्हा बाटली लावा. मला चार दिवस लागले होते. नंतर मासा दुकानात परत द्या, बहुतेक दुकानदार घेतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही यादी रंग बघून केलीय, सगळेच तशी करतात. मी मासा बघताना आधी एवढंच विचारतो, हा राहणार कुठे? आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखं आहे हे. एकाची ओटी, एकाचं माजघर, एकाचा माळा. दोन भाडेकरूंना एकच खोली दिली की भांडण ठरलेलं. काही मासे खडकाच्या कपारीत राहतात, काही वाळूत बिळ करून, काही मधल्या पाण्यात, तर काही वरच्या थरात. एकाच जागेवर दोघांचा डोळा असेल तर ताकदवान राहतो आणि दुसरा कोपऱ्यात झुरतो. त्यातही अंगाने सारखे, रंगाने सारखे किंवा एकच खाणं खाणारे मासे एकमेकांना जास्त पाण्यात बघतात. निळ्या माशाला निळाच खुपतो.

दुसरं म्हणजे क्रम. बुजरा आधी, दांडगा शेवटी. हेच मासे याच टाकीत उलट्या क्रमाने सोडले तर अर्धे टिकत नाहीत. जो आधी येतो तो जागा धरतो, आणि मग नवीन आलेला त्याच्या लेखी घुसखोर असतो.

तुमच्या यादीकडे याच नजरेने बघू.

दोन्ही टँग आधी घेतो, कारण मन त्यांच्यावरच बसलेलं असणार. दुकानात ते दोन इंचांचे असतात म्हणून फसायला होतं. यलो टँग वाढून २० सेंटीमीटरपर्यंत जातो आणि ब्लू टँग ३० सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे तुमच्या टाकीच्या रुंदीत ब्लू टँगला वळताना शेपूट काचेला लागेल. हे दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडत लांबच लांब पोहणारे मासे. तीन फुटांत ते येरझाऱ्या घालतात, ताणाखाली येतात, आणि ताणाखालच्या टँगला पांढरे ठिपके धरतातच. ब्लू टँग तर या रोगासाठी बदनामच आहे. यलोला किमान चार-पाच फुटांची टाकी हवी, ब्लूला सहा फुटांची. ‘मोठा झाला की मोठी टाकी घेऊ’ असं मीही बायकोला सांगितलं होतं. टाकी आली नाही, मासा मात्र मोठा झाला. शेवटी पुण्याच्या एका मित्राला नेऊन दिला. यलो टँग मुख्यतः हवाईच्या समुद्रातला. तिथल्याच ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये पहिल्यांदा तो टाकीत अंड्यापासून वाढवून दाखवला. म्हणजे पुढेमागे मोठी टाकी झालीच, तर टाकीत जन्मलेला मागा.

मँडरीनवर जीव जडणं साहजिक आहे, पैठणीचा काठ पोहत असल्यासारखा दिसतो तो. भांडकुदळही नाही. अडचण त्याच्या पोटाची. खडकावर फिरणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे जीव तो दिवसभर टिपत असतो. एका वेळी एक, पण दिवसभरात शेकड्यांनी. तुमचा खडक कोरडा होता, टाकी दोन महिन्यांची, तिथे कोपेपॉडची पैदास अजून नावालाच असणार. दाणे तो सहसा तोंडात घेत नाही. दोन-तीन आठवड्यांत पोट आत जातं, वरून बघितलं तर डोकं रुंद आणि मागचं अंग काडीसारखं दिसतं. तोवर उशीर झालेला असतो. वर्षभर जाऊ द्या. रात्री टॉर्च मारल्यावर काचेवर कोपेपॉड पांढऱ्या ठिपक्यांसारखे पळताना दिसायला लागले, की मग मँडरीनचा विचार करा.

सिक्सलाइन रॅस लहान आहे, देखणा आहे, कोरलवरचे चपटे किडेही खातो. पहिले सहा महिने तुम्ही त्याचं कौतुक करत राहाल. मग तो मालक होतो, आणि त्यानंतर टाकीत आलेल्या प्रत्येकाची हजेरी घेतो. याला आणायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर नवा मासा आणायचा नाही अशी शपथ घेऊन.

लायनफिशबद्दल दुकानदार ‘रीफ-सेफ’ म्हणाला असेल. खरंच आहे ते, कोरलला तो तोंड लावत नाही. पण रीफ-सेफ या शब्दाचा अर्थ एवढाच. शेजाऱ्यांना खातो का, याचं उत्तर त्यात नाही. त्याच्या तोंडात जे मावेल ते त्याचं जेवण, त्यात तुमचे क्लाउन पहिले. शिवाय पाठीचे काटे विषारी, घरात लहान मुलं असतील तर विषयच नको. कॉपरबँडही राहू द्या, खाण्याच्या बाबतीत फार हट्टी मासा आहे.

मग ठेवायचं काय? तुमचे क्लाउन आहेत ते उत्तम आहेत. दोघांत थोरला कोण ते बघा, ती मादी. क्लाउन सगळे नर म्हणूनच जन्मतात, जोडीतला मोठा मादी होतो. मादी गेली तर नराची मादी होते. म्हणून तिसरा क्लाउन आणायचा नाही, त्याला या संसारात जागा नाही. ही जोडी एक कोपरा धरेल आणि वर्षभराने मादी तुमच्या हातालाही चावायला येईल. घाबरू नका, रक्त सहसा निघत नाही, दचकून हातातला ब्रश तेवढा पडतो. क्लाउन समुद्रात ज्याच्या सोंडांत राहतात तो अ‍ॅनिमोन त्यांना टाकीत लागतोच असं नाही. नवीन टाकीत अ‍ॅनिमोन टिकत नाही, जागा बदलत फिरतो आणि पाणी खेळवणाऱ्या वेव्हमेकरच्या पंख्यात सापडला तर चिरडून सगळं पाणी नासवतो.

डॅमसेल गेल्यावर पहिला मासा म्हणून मी यलो वॉचमन गोबी आणेन, आणि त्याच्याबरोबर पिस्टल श्रिंप ही कोळंबी. या जोडीसाठीच मी लोकांना लहान टाकी ठेवा म्हणतो. कोळंबीची नजर अधू, पण बिळ खणण्यात ती पटाईत. ती बुलडोझरसारखी वाळू पुढ्यात लोटत बाहेर येते, खाली टाकते, परत आत जाते. गोबी दारात बसून राखण करतो. बाहेर आली की कोळंबी आपली एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो, आणि ती क्षणात आत. मागोमाग तोही आत. अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येईल, काच तडकल्यासारखा. काच बघायला धावू नका, कोळंबीने नांगी मिटलेली असते. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा रात्री दीड वाजता उठून जमीन ओली झालीय का ते चाचपलं होतं. यांच्यासाठी वाळू दोन-तीन इंच हवी, आणि खडक वाळूवर नुसते ठेवलेले नकोत. ते काचेच्या तळावर टेकवून मग भोवती वाळू टाका. नाहीतर ती खालून पोखरेल आणि डोंगर तिच्याच अंगावर येईल.

त्यानंतर बांगाई कार्डिनल. एकच आणा. दुकानात पाच-सहा एकत्र शांत दिसतात ती लहान पोरं असतात, वयात आल्यावर नर एकमेकांना सोडत नाहीत. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीच हा मूळचा सापडतो आणि तिथे अती पकडल्याने धोक्यात आलाय, म्हणून याच्याबाबतीतही टाकीत पैदा केलेला आहे का हे विचाराच. क्लाउनचंही तेच. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनची पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून ओढून आणलेला क्लाउन घ्यायचं कारणच उरलेलं नाही. टाकीत जन्मलेला मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो, हा रोखठोक फायदा.

मधल्या पाण्यासाठी फायरफिश. हाही एकच. स्वभावाने भित्रा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दचकला की उडी मारतो, आणि झाकणाला दोन बोटांची फट असली तरी नेमकी तीच सापडते त्याला. सकाळी सोफ्याखाली वाळलेला सापडतो. बारीक जाळीचं झाकण करून घ्या, त्याशिवाय फायरफिश आणू नका.

सगळ्यात शेवटी रॉयल ग्रामा. कपारीत राहतो, आपल्या खडकापुरता दरारा ठेवतो, उगाच कुणाच्या मागे लागत नाही. इथे एक फसवणूक होते, कधी जाणून, कधी अजाणता. ग्रामा म्हणून रॉयल डॉटीबॅक दिला जातो. दोन्ही पुढून जांभळे, मागून पिवळे. पण ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरघळतो, आणि पाठीच्या पराच्या पुढच्या टोकाला एक काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग फूटपट्टीने आखल्यासारखे तुटलेले, आणि ठिपका नाही. ग्रामा कॅरिबियन समुद्रातून येतो, त्यामुळे महाग पडतो. डॉटीबॅक स्वस्त मिळतो, आणि तो आला की तुमच्या फायरफिशचे दिवस भरले. फोटो मागवा आणि तो ठिपका शोधा.

एवढे झाले की थांबा. दोन क्लाउन, गोबी, कार्डिनल, फायरफिश, ग्रामा. सहा मासे. टाकी कागदावर १९० लिटरची आहे, पण खडक, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी दीडशे लिटरच्या आसपास उरतं. त्यात कोरल वाढवायचे तर नायट्रेट, म्हणजे घाणीतून पाण्यात साठत जाणारा क्षार, आवाक्यात हवं, आणि नायट्रेट म्हणजे शेवटी तुम्ही घातलेलं खाणंच असतं.

कोरलचा विषय निघालाच आहे तर, तुमचा मालवणचा भाऊ ‘समुद्रातून दोन तुकडे आणून देतो’ म्हणालाय, त्याला आजच नको म्हणून सांगा. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहेत. हौसेपायी गुन्हा दाखल व्हायचा. किनाऱ्याचं पाणीही कॅन भरून आणू नका, पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळून ते काहीच्या काही झालेलं असतं.

आता मासे कोल्हापुरापर्यंत येतात कसे, यावर जरा थांबतो, कारण आपल्या भागात चुकीच्या निवडीने जितके मासे जातात तितकेच प्रवासात जातात. मुंबईहून पावणेचारशे किलोमीटर, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत, पिशवीत. पुस्तकी सल्ला असा की पिशवीत थेंबथेंब टाकीचं पाणी सोडत दोन तास मासा रुळवा. जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला हे ठीक आहे. रात्रभर बंद राहिलेल्या पिशवीत मात्र माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पाण्याचा पीएच उतरतो, आणि साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. तुम्ही पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. म्हणजे दोन तास रुळवण्याच्या नावाखाली आपण माशाला विषात बसवून ठेवतो. आदल्या दिवशीच विक्रेत्याला फोन करून त्यांच्या पाण्याचा क्षार, म्हणजे खारेपणा दाखवणारं विशिष्ट गुरुत्व, विचारा. बरेच जण १.०२० च्या आसपास ठेवतात, रीफ टाकीत आपण १.०२५ ठेवतो. नव्या माशासाठीची वेगळी टाकी आधीच त्यांच्या आकड्यावर आणून ठेवा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच आत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. पुढे क्षार रोज थोडा थोडा चढवत न्या.

हो, वेगळी टाकी लागेलच. दीड-दोन फुटांची साधी टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. नवा मासा तिथे चार आठवडे. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध तिथेच द्यायचं. मुख्य टाकीत ते चुकूनही नको, कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं जाईल. हा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती साधारण अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. विकत घेतानाही समोर खायला घालून दाखवा म्हणा, लांबून मागवत असाल तर खातानाचा व्हिडिओ मागा. सायनाइड वापरून पकडलेले मासे दुकानात तजेलदार दिसतात आणि घरी आल्यावर काही आठवड्यांत कारण न कळता जातात. जो मासा खात नाही, तो कितीही सुंदर असो, तिथेच राहू द्या.

मुख्य टाकीत सोडताना आणखी एक करा. भोकं असलेली पारदर्शक प्लास्टिकची पेटी काचेला लटकवा आणि नव्याला तीन-चार दिवस तिच्यात ठेवा. जुने येऊन बघून जातात, पेटीला धडका देतात, मग कंटाळतात. सोडायच्या दिवशी एक-दोन खडकही हलवा, म्हणजे सगळ्यांचीच हद्द नव्याने आखली जाते.

मी सहावर अडून बसतो त्याला पाण्याच्या हिशेबाशिवाय आणखी एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, महामार्ग बंद पडला, आमच्या भागात तीन दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. माझ्या टाकीत पाच मासे होते. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला आणि दर तासाला मगाने पाणी वरून ओतत राहिलो, आळीपाळीने, मी आणि मुलगा. पाचही वाचले. त्याच गल्लीतल्या एकाच्या तेवढ्याच टाकीत चौदा होते, पहिल्या पहाटेपर्यंत निम्मे गेले. दोघांचा पंप एकाच जातीचा होता, प्राणवायूचे वाटेकरी तेवढे वेगळे. बॅटरीचा पंप तुम्हीही आणून ठेवा, पाऊस सुरू झालाच आहे.

आता गणपतीचं. बाप्पा यायला सात-आठ आठवडे आहेत. डॅमसेल या आठवड्यात निघाला आणि गोबी लगेच आणला, तर त्याचे चार आठवडे होऊन तो वेळेत मुख्य टाकीत येतो. कोळंबीला वेगळं ठेवायची गरज नसते असं नाही, पण तिला तांबं चालत नाही, म्हणून तिच्यासाठी दुसरा डबा आणि दुसरं पाणी. कार्डिनल आणि फायरफिश दिवाळीच्या आसपास, ग्रामा त्यानंतर. पाहुण्यांना टाकी रिकामी वाटेल, वाटू द्या. खुर्ची वाळूच्या उंचीला येईल अशी ठेवा, आरतीच्या आधी एखाद्या पोराला तिथे बसवा आणि पाच मिनिटं अजिबात हलायचं नाही म्हणून सांगा. कोळंबी वाळू लोटत बाहेर आली की घरातले सगळे त्या काचेपाशी जमतील.